पाठीवरच्या टिकल्या

"उन्हाळी लागलीय" म्हणून दवाखान्यात आलेल्या बाईला डॉ. गिरिजा हिंगमिरे औषधाआधी एक प्रश्न विचारायच्या.

"शेवटचं पाणी कधी प्यालीस?"

"सकाळी. घरनं निघताना."

तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असायचे आणि बाहेर पारा बेचाळीसवर असायचा.

शिरगुंडी हे द्राक्षपट्ट्यातलं गाव. फेब्रुवारी ते एप्रिल माळावरच्या शेडांमध्ये द्राक्षांचा बेदाणा व्हायचा. जाळ्यांवर घड पसरायचे, वाळले की झाडून घ्यायचे, मग निवडायचे. निवडणीचं सगळं काम बायकांचं. पत्र्याच्या शेडात दिवसभर बसून हात चालवायचे. पुरुष लघवीला बागेआड जायचे. बायकांना आडोसा नव्हता, म्हणून बायका पाणीच प्यायच्या नाहीत. मग लघवीला जळजळ सुरू झाली की दवाखान्यात यायच्या.

गिरिजाबाई या गावात आल्या त्याला एकतीस वर्षं झाली होती. नवरा विरुपाक्ष इथल्याच हायस्कुलात गणिताचा मास्तर, म्हणून त्या आल्या आणि इथल्याच झाल्या. बाळंतपणं, लसी, विंचूदंश, म्हाताऱ्यांचे गुडघे, सगळं त्यांनीच पाहिलं. प्रत्येक रुग्णाचा कागद त्यांनी जपून ठेवला होता. पंधरा वर्षांपूर्वी एका सुट्टीत नवरा-बायकोनं ते सगळे कागद जमिनीवर मांडले आणि मोजायला घेतले. एकाच हंगामात तीन-तीनदा उन्हाळी लागलेल्या बायकांपैकी सहांत एकीची किडनी दहा-बारा वर्षांत निकामी व्हायला लागली होती. त्यांना ना साखर होती ना रक्तदाब.

"गिरिजा, हा योगायोग नाही," विरुपाक्षसरांनी तिसऱ्यांदा बेरीज तपासून सांगितलं.

त्या बेरजेवर बाईंनी पहिला शोधनिबंध लिहिला. तो वाचून कृष्णाकाठच्या एका मेडिकल कॉलेजानं त्यांना कुटुंबवैद्यक शिकवायला बोलावलं. तेव्हापासून त्यांचा आठवडा ठरून गेला. सकाळी दवाखाना, दुपारी संशोधन, गुरुवारी कॉलेज. कॉलेजला त्यांनी एकच अट घातली होती. दरवर्षी एका पदव्युत्तर विद्यार्थ्यानं सहा महिने शिरगुंडीत येऊन राहायचं.

"इथं काय शिकायचं, मॅडम?" एका धीट मुलानं विचारलं होतं.

"पेशंट बरा होऊन घरी गेल्यावर पुढं त्याचं काय होतं, ते. हॉस्पिटलात ते दिसत नाही."

२०४३च्या हंगामात आलेली विद्यार्थिनी होती डॉ. शाल्मली पाथरकर. नाशिकची, हुशार, बोलायला तुटक, संगणकावर हात बसलेला. तिच्याबरोबरच शिरगुंडीत टिकली आली.

टिकलीची मूळ कल्पना गिरिजाबाईंची, घडण इंजिनिअरांची. आतून पातळ कागदासारखी, बाहेरून चार बायकांच्या कपाळावर असते तशी मरून. बाईच्या दंडात महिन्यातून एकदा तांदळाच्या दाण्याएवढी गोळी टोचायची. ती गोळी रक्तात एका ठरावीक गतीनं निरुपद्रवी रंगद्रव्य सोडत राही. किडनी ते गाळून बाहेर टाकी. टिकलीतून निघणाऱ्या निळ्या प्रकाशानं कातडीखालच्या रक्तातलं हे द्रव्य चमकायचं, आणि चमक किती ते टिकली मोजायची. सोबत अंगाचं तापमान आणि हृदयाचे ठोकेही टिपायची.

गिरिजाबाई बायकांना समजावताना हौदाचं उदाहरण द्यायच्या. "हौदात नळ एकाच धारेनं सुरू आहे. खाली मोरीतनं पाणी जातंय. आता हौदातलं पाणी चढायला लागलं तर काय समजायचं?"

"मोरी तुंबली," बायका एका सुरात म्हणायच्या.

"तसंच. रक्तात रंग चढला की किडनीची मोरी तुंबायला लागली. मग ही टिकली मरूनची शेंदरी होणार. शेंदरी दिसली की उठायचं, पाणी प्यायचं, सावलीत बसायचं. रक्त तपासून कळायला महिने लागतात, हिला तास पुरतो."

दोनशे चौदा बायकांनी टिकल्या लावल्या. काही विधवा मागं राहिल्या, तेव्हा बाईंनी त्यांच्यासमोर आधी स्वतःच्या कपाळाला टिकली लावली. विरुपाक्षसर जाऊन तीन वर्षं झाली होती. ते पाहून त्यांतल्या बऱ्याच जणी पुढं आल्या. तरी बावीस जणींनी टिकली कानामागं, केसांखाली लावणंच पसंत केलं. त्यांत रेश्मा मुलाणी होती.

"चालंल न्हवं बाई, कानामागं?"

"चालेल की. रक्त सगळीकडं तेच आहे."

उद्घाटनाला सर्वांत मोठ्या शेडचे मालक आप्पासाहेब खोत मंचावर बसले, बाईंच्या शेजारी. त्यांनीच शेडात संशोधन करायला आधी परवानगी दिली होती.

पहिल्या पंधरवड्यात रोज सरासरी एकतीस टिकल्या शेंदरी होत होत्या. मार्चअखेर तो आकडा चौदावर आला. ऊन तर वाढलेलं होतं. म्हणजे टिकली काम करत होती, बायका वेळेवर पाणी पीत होत्या, सावलीला बसत होत्या. शाल्मलीनं आलेख काढला तेव्हा ती पहिल्यांदाच मोकळं हसली. तो तिच्या प्रबंधाचा कणा होता.

आलेख मुंबईपर्यंत गेला. गिरिजाबाईंचे वर्गमित्र डॉ. धनंजय परचुरे कष्टकऱ्यांच्या आरोग्यासाठी सरकारनं नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते. त्यांचा फोन आला.

"गिरिजा, तू काय केलंयस तुला कळतंय का? वीटभट्ट्या, ऊसतोड, बांधकाम, सगळीकडं लावायची टिकली. अकरा लाख माणसं! एप्रिलच्या बैठकीत मंजुरी घेतो. आणि राष्ट्रीय संस्थेच्या पदासाठी तुझं नाव मी आधीच दिलंय."

बाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ विरुपाक्षसरांच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहत राहिल्या. ही बातमी सांगायला घरात कुणी नव्हतं. शेवटी त्यांनी ती शाल्मलीला सांगितली.

समितीला पाठवायच्या नोंदी शाल्मली तपासत बसली होती. चार दिवसांनी ती दवाखान्यात डोकावली. समोर एक आजोबा बीपी मोजून घेत होते.

"मॅडम, सात टिकल्या बिघडल्यात. त्यांच्या नोंदी वगळू ना?"

"कशा बिघडल्या?"

"सातही जणींच्या हृदयाचे ठोके सारखेच. मिनिटाला बावन्न. अगदी एका क्षणाला पडतायत. कुठंतरी एकाचीच नोंद सात ठिकाणी उमटतेय."

गिरिजाबाईंनी आजोबांच्या दंडावरचा पट्टा सोडला. "दाखव."

पडद्यावर एकाखाली एक सात रेघा होत्या. वर्दी घातलेल्या शिपायांसारख्या सातही एकदम उचलत, एकदम खाली येत. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. अकरा-बारा ठोक्यांनंतर सातही रेघांत एक ठोका गळत होता. मग पुन्हा सुरळीत.

"ही टिकली बिघडलेली नाही," त्या हळूच म्हणाल्या. "हे काळीज माझ्या ओळखीचं आहे."

"म्हणजे?"

"अलका कोळेकर. तिच्या दुसऱ्या बाळंतपणात हा चुकणारा ठोका ऐकून मी घाबरले होते. तिला शहरात पाठवून सगळ्या तपासण्या केल्या. धोका काही नव्हता. जन्माचाच आहे तो. पण या गावात असा ठोका दुसऱ्या कुणाचा नाही. या सात जणी कोण?"

शाल्मलीनं नावं वाचली. एक अलका. दुसरी तिची धाकटी जाऊ काजल. बाकीच्या पाच त्यांच्याच शेडातल्या.

"अजून असे गट असतील. सगळ्या नोंदी ठोक्यांवरून लावून बघ," बाई म्हणाल्या. "आणि कानामागं टिकली लावलेल्या बावीस जणींत अशी एक तरी आहे का, तेही बघ."

तासाभरात शाल्मली आली. तिचा चेहरा उतरला होता. एकूण एकतीस टिकल्या भलत्याच्याच ठोक्यांवर चालत होत्या. कानामागच्या बावीसांत एकही नाही.

"मॅडम, वगळून टाकू या," ती घाईनं म्हणाली. "एकतीस गेल्या तरी एकशे त्र्याऐंशी उरतात. निष्कर्ष टिकतो. बैठकीला दहा दिवस आहेत."

"शाल्मली, टिकली कपाळावर असली की बायका फसवतात, कानामागं असली की फसवत नाहीत. का?"

"माहीत नाही, मॅडम."

"मलाही माहीत नाही. चल."

कोळेकरांचं घर गावाच्या टोकाला होतं. शेडाला शुक्रवारची सुट्टी होती. अलका अंगणात शेंगा फोडत बसली होती. बाईंना दारात बघून ती उठली आणि त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून तिला सगळं उमगलं.

"कळलं व्हय तुमास्नी?"

"तुझ्या काळजानं सांगितलं."

अलकानं आतल्या खोलीत जाऊन पदर सारला आणि पाठ फिरवली. दोन्ही खांद्यांच्या मधल्या जागेत, पोलक्याच्या आत, सहा टिकल्या ओळीनं चिकटवलेल्या होत्या. सातवी तिची स्वतःची, कपाळावर. सातही मरून. भिंतीशी काजल उभी होती. तिच्या कपाळावर बाजारातली साधी टिकली होती.

"मुकादम सकाळी फाटकात हुबा ऱ्हातो," अलका सांगू लागली. "कपाळ बघतो. शेंदरी दिसली की म्हणतो, तू घरी जा, शेडात पडलीबिडलीस तर मालकाच्या गळ्यात घोंगडं. तेवढ्या दिसाचा खाडा. आठ दिसांत तिनदा खाडा झाला की नाव कटलं. माझी तब्येत धडधाकट. मग ज्यांच्या शेंदरी व्हायला लागल्या त्यांनी आपल्या मला लावायला दिल्या."

"मला का सांगितलं नाहीत?" बाई म्हणाल्या. "एवढी वर्षं माझ्याकडं येताय. मला सांगायचं!"

अलकानं मान वर केली. "तुमी आनि मालक एकाच ष्टेजवर बसला हुता, बाई. मग कुनाला सांगायचं?"

शाल्मली जमिनीकडं बघत होती.

गिरिजाबाईंना आठवलं, टिकलीचा रंग बदलावा हा हट्ट त्यांचाच होता. इंजिनिअरांनी विचारलं होतं, रंग कशाला? तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, बाईला लगेच कळायला हवं. बाईला स्वतःचं कपाळ दिसत नाही, ते समोरच्यालाच दिसतं, एवढी साधी गोष्ट तीस वर्षं माणसं तपासणाऱ्या डॉक्टरच्या ध्यानात आली नव्हती.

"काजल, इकडं ये," त्या म्हणाल्या. त्यांनी सोबतच्या पेटीतून नवी टिकली काढून तिच्या दंडावर लावली आणि फोनवर आकडा येईपर्यंत तिचा हात हातात धरून ठेवला. हंगामाच्या सुरुवातीला काजलची किडनी शंभरात एकाहत्तर काम करत होती. आता त्रेचाळीस.

काजल एकतीस वर्षांची होती.

"किती आलं?"

बाईंनी खरा आकडा सांगितला. मग त्या खाली सतरंजीवर बसल्या, तिच्यासमोर. "चूक माझी झाली, काजल. यंत्र तुझ्यासाठी बनवलं, आणि त्याचं कुलूप तुझ्याच दाराला लागलं. तुझी नाही चूक, अलकाची नाही. माझी."

काजल रडली नाही. "मग आता बरी हुईन का?"

"काही भाग भरून येईल. पूर्ण येईल असं मी म्हणणार नाही."

त्या आठवड्यात गिरिजाबाईंनी दोनशे चौदाही टिकल्या उतरवल्या. प्रत्येक बाईचं रक्त तपासलं. काजलसारख्या आणखी आठ जणी निघाल्या. त्यांना उन्हाचं काम बंद, औषधं सुरू. दुपारच्या ओपीडीत त्यांच्यासाठी एक तास राखून ठेवला. खोतांच्या परवानगीचं पत्र बाईंनी परत पाठवलं आणि मुकादमाला दवाखान्यात बोलावून घेतलं. तो बिचारा घाबरून म्हणाला, "मी काय वाईट केलं, बाई? आजारी मानसाला घरीच धाडलं की!" त्याचं म्हणणं त्याच्यापरीनं खोटं नव्हतं.

सगळ्यांत अवघड बोलणं झालं शाल्मलीशी.

"म्हणजे माझा प्रबंध गेला," ती दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हणाली.

"हा गेला."

"सहा महिने, मॅडम! माझ्या बरोबरची मुलं जुलैत परीक्षेला बसतील. एकतीस नोंदी वगळल्या असत्या तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही," गिरिजाबाई म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी अकरा लाख माणसांच्या कपाळावर ती टिकली असती. तुझ्या प्रबंधाच्या आधारावर."

शाल्मली उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन एसटी स्टँडवर गेली, आणि बाईंनी तिला अडवलं नाही.

समितीच्या बैठकीला गिरिजाबाई एकट्याच गेल्या. लांबलचक टेबलाभोवती अधिकारी, दोन प्राध्यापक, मध्ये परचुरे. पडद्यावर त्यांचाच आलेख होता, एकतीसवरून चौदावर उतरणारी रेघ.

"ही रेघ खोटी आहे," त्या म्हणाल्या. "मी पाठवली तेव्हा मला खरी वाटत होती. आज मी ती मागं घ्यायला आले आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. अलकाची पाठ, मुकादम, खाडा, काजल. सांगताना त्यांनी कुणाचंही नाव घेतलं नाही, पण स्वतःचं घेतलं.

परचुरे खुर्चीत पुढं झाले. "गिरिजा, टिकली तर बरोबर मोजते ना?"

"अगदी बरोबर."

"मग वापर चुकला, यंत्र नाही. आपण परिपत्रक काढू, शेंदरी टिकलीवाल्याला घरी पाठवायचं नाही म्हणून. पण मंजुरी थांबवू नकोस. अकरा लाख लोकांना निदान काहीतरी मिळेल."

"काय मिळेल, धनंजय? त्यांना कामावरून काढायला एक रंगीत कारण मिळेल. तुझं परिपत्रक माळावरच्या शेडात कोण वाचणार?"

"तू थांबवलंस तर दुसरं कुणी तरी करेल. दक्षिणेत एक गट याच यंत्रावर काम करतोय. ते आधी छापतील."

"छापू देत."

मंजुरी पुढं ढकलली गेली. परचुऱ्यांचं भाकीतही खरं ठरलं. दिवाळीत दक्षिणेतल्या गटाचा निबंध आला, सगळीकडं गाजला. राष्ट्रीय संस्थेचं पद दुसऱ्या कुणाला मिळालं. गिरिजाबाईंनी तो निबंध मन लावून वाचला, त्या गटाला पत्र लिहून अभिनंदन केलं आणि सोबत अलकाच्या पाठीची हकिकत कळवली. त्यांचं उत्तर आलं नाही.

त्याआधीच, पावसाळ्याच्या शेवटी, त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात बायकांची बैठक बोलावली. या वेळी मंच नव्हता, सगळ्या सतरंजीवर. बाईंनी विचारलं, "टिकली परत लावायची का? लावायची तर कशी?"

आधी तक्रारी सुरू झाल्या, मग वाद. मागं बसलेली रेश्मा मुलाणी बराच वेळ ऐकत होती.

"मी कानामागं लावली तर मला काय तरास झाला न्हाई," ती म्हणाली. "कुनाला दिसलीच न्हाई न्हवं. मग म्हंते, रंग आमच्या अंगावर कशाला? त्यो शेडाला लावा की. ऊन शेडात हाय, संडास शेडात न्हाई. आजारी शेड हाय, आमी न्हाई."

व्हरांड्याच्या कडेला कुणीतरी वहीत लिहून घेत होतं. गिरिजाबाईंनी मान वळवली. शाल्मली होती. सकाळच्या एसटीनं आली होती, तीच बॅग शेजारी.

"नवा प्रबंध सुरू करायला सहा महिने पुरतील ना, मॅडम?" तिनं विचारलं.

"नाही पुरणार. वर्ष लागेल."

"बरं," ती म्हणाली, आणि लिहीत राहिली.

नवी टिकली रंग बदलत नव्हती. किडनी थकायला लागली की ती नुसती दोनदा थरथरायची, आणि ते फक्त लावणाऱ्या बाईला कळायचं. तिची नोंद तिची आणि दवाखान्याची. शेडात मात्र सगळ्या टिकल्यांची मिळून एक सरासरी निघायची. नाव नाही, कपाळ नाही. तो एकच आकडा शेडाच्या फाटकावरच्या फळीला जायचा, आणि फळी पेटायची. मरून नाहीतर शेंदरी. ग्रामसभेनं ठराव करून गावातल्या सहाही शेडांना फळ्या लावल्या. ठरावाला हात वर करणाऱ्यांत बायका जास्त होत्या.

फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात सहाच्या सहा फळ्या शेंदरी झाल्या. हमरस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला त्या दिसत होत्या. बेदाण्याचे व्यापारीही त्याच रस्त्यानं यायचे.

आप्पासाहेब खोत तावातावानं दवाखान्यात आले. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनी माना वळवल्या.

"डॉक्टरीणबाई, ही माझ्या शेडाची बदनामी आहे! मी तुम्हाला पहिल्यांदा दार उघडं केलं. त्याचे हे पांग फेडलेत?"

"बसा, आप्पासाहेब. पाणी घ्या."

"पाणी नको! ती फळी बंद करा."

"मला ती बंद करता येत नाही, ती शेडातल्या आकड्यावर चालते," गिरिजाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला मात्र येईल. पत्र्यावर उसाच्या पाचटाचं आच्छादन टाका. बायकांसाठी दोन संडास बांधा, आतून कडी लागणारे. दुपारी बारा ते चार काम बंद, सकाळ-संध्याकाळ चालू द्या. फळी आपोआप मरून होईल. नाही झाली तर मी स्वतः येऊन काढून नेते."

"आणि नाही केलं तर?"

"तर राहील शेंदरीच."

खोत पाणी न पिता गेले. पण पलीकडच्या वस्तीवरच्या एका लहान शेडमालकानं तोवर विटा आणून टाकल्या होत्या. दहा दिवसांत त्याची फळी मरून झाली, आणि पुढच्या सोमवारी खोतांच्या शेडातल्या चाळीस बायका त्याच्याकडं कामाला गेल्या. त्याच आठवड्यात खोतांकडं गवंडी आला. त्यांनी दोन नाही, तीन संडास बांधले. फळी मरून झाली त्या संध्याकाळी त्यांनी तिथं उभं राहून फोटोही काढून घेतला.

हंगामाअखेर दवाखान्यात उन्हाळीचे रुग्ण मागच्या वर्षीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आले. या वेळी शाल्मलीनं प्रत्येक आकडा रक्त तपासून पडताळला, प्रत्येकीचे ठोके तिच्या जुन्या कागदाशी लावून पाहिले. परचुऱ्यांनी निबंध वाचला आणि एवढंच म्हटलं, "वर्ष गेलं, पण आता मला परिपत्रक काढायची गरज नाही." समितीनं टिकली मंजूर केली ती फळीसकट, फळीशिवाय नाही.

काजलची किडनी बावन्नपर्यंत आली आणि तिथंच थांबली. ती आता सावलीतलं काम करते. एकदा तपासणीला आली तेव्हा म्हणाली, "तुमाला माफ केलं असं न्हाई म्हननार, बाई. पन तपासायला तुमच्याकडंच यीन."

"एवढं पुरे," गिरिजाबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या नेहमीपेक्षा हळू चालत घरी गेल्या.

पुढच्या जूनमध्ये कॉलेजचं वर्ष सुरू झालं. पहिल्या गुरुवारी गिरिजाबाईंनी वर्गात स्वतः न बोलता अलका कोळेकरला उभं केलं. चांगल्या साडीत, हातात पिशवी धरून ती साठ तरुण डॉक्टरांसमोर उभी राहिली. ती सांगत गेली. पाठ, सहा टिकल्या, मुकादम. मुलं एकदा हसली, मग हसायची थांबली.

एका मुलानं विचारलं, "तुम्ही डॉक्टरांशी खोटं बोललात. नंतर विश्वास कसा बसला?"

"बाई घरी आल्या. सतरंजीवर बसल्या. माझी चूक म्हनाल्या," अलका म्हणाली. "डाक्टर असं म्हंत्यात हे आमाला ठावंच नव्हतं."

गिरिजाबाई शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत होत्या.

"आता मी इचारू का?" अलकानं पिशवी टेबलावर ठेवली. "सकाळपास्नं मी हितं आलेय. खाली तुमची पेशंटांची रांग लागलीय, लई बायका हाईत तितं. बायकांचा संडास कुठं हाय?"

मुलं एकमेकांकडं बघू लागली. कुणीतरी म्हणालं, तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीशेजारी.

"बघितला म्या. कुलूप हाय त्याला."

"चावी ऑफिसात असते," मागून एक मुलगी हळूच म्हणाली. "मागितली तर देतात."

"मागितली. सायब जेवाय गेल्यात म्हनले."

शेवटच्या बाकावरून गिरिजाबाई उठल्या. त्या काही बोलणार एवढ्यात पहिल्या रांगेतला तो प्रश्न विचारणारा मुलगाच उभा राहिला. त्याच्यामागं ती चावीवाली मुलगी. मग ओळच्या ओळ. साठ जण जिन्यानं खाली त्या कुलपाकडं निघाले, आणि सगळ्यांत पुढं, हातात पिशवी घेऊन, अलका त्यांना वाट दाखवत होती.